फिल्म फिरवून लाव

६ जानेवारी

वहिनी,

तुझी फिल्म खराब आहे. पत्राची सुरुवात तब्येतीच्या चौकशीने करायची असते हे मला कळतं, पण हे आधी लिहिलं नाही तर पुढची चौकशी खोटी वाटेल.

तू पाठवलेला नवा तुकडा काल मोजून झाला. आधीच्या दोन तुकड्यांसारखाच निघाला. दादाच्या रिसर्च पेपरातलं चित्र मी माझ्या टेबलासमोर भिंतीवर लावलंय आणि रोज त्याच्याकडे बघून दात-ओठ खाते. किती देखणी गोष्ट आहे ती. खाली तुझी फिल्म, टोपॉलॉजिकल इन्सुलेटरचा पातळ थर, म्हणजे पोटातून वीज जाऊ न देणारा आणि फक्त कातडीवरून वाहू देणारा. कातडीवरून धावणारे इलेक्ट्रॉन भलतेच शिस्तीचे. एका दिशेने निघाले की सगळ्यांची तोंडं डावीकडे, उलट निघाले की उजवीकडे. त्यांच्या डोक्यावर चुंबकाचा थर. खालून करंट सोडला की हे सगळे मिळून वरच्या चुंबकाला ढकलतात.

इथवर सगळ्या जगाचं जमतं. पण नुसत्या ढकलण्याने चुंबक आडवा पडतो. पुन्हा उभं राहताना तोंड वर करायचं की खाली, हे त्याचं त्याला ठरवता येत नाही. त्यासाठी बाजूच्या मोठ्या चुंबकाचं जरासं बोट लावावं लागतं. दादा म्हणतो, बोट नको. फिल्म एका कडेला किंचित जाड ठेवली की नुसत्या करंटवर चुंबक हवा तसा उलटतो. त्यावर त्याला टाळ्या मिळाल्या, मोठं अनुदान मिळालं, आणि मला माझ्या साहेबांनी सांगितलं की घरचंच काम आहे, तू करून दाखव.

मी करून दाखवते आहे ते असं: बोट लावलं की उलटतो, काढलं की गोंधळतो. इथल्या प्रयोगशाळेतले लोक आता मला बघून हसू लपवतही नाहीत. महिनाअखेर जमलं नाही तर साहेब हे काम काढून घेणार.

मी दादाला फोन केला. तो म्हणाला, 'तुझी फिल्म वेगळ्या खेपेची आहे गं.' मी म्हटलं, वेगळी कसली, खराब आहे. पाठीमागे बोलायची मला सवय नाही म्हणून तुलाही तेच कळवते. मला उरलंसुरलं पाठवू नकोस.

आई बरी आहे, गुडघे सोडून.

तुझी नणंद


१४ जानेवारी

वन्सं,

हो, वन्संच. वसतिगृहात एका खोलीत राहायचो तेव्हा 'तू' होतीस. तुझ्याच दादाशी ओळख करून दिलीस तेव्हाही 'तू'च होतीस. पण माझ्या फिल्मला खराब म्हणणारी बाई माझी नणंद असू शकते, मैत्रीण नाही. तेव्हा आजपासून तुम्ही.

पत्र लिहिते आहे, कारण फोनवर मी गप्प बसते आणि मग भांडी आपटते. भांड्यांनी काय घोडं मारलंय?

फिल्म कशी होते हे तुम्हाला कोणी सांगितलंय का? निर्वात चेंबर, त्यात बिस्मथ आणि सेलेनियमच्या छोट्या भट्ट्या. वाफ वर येते आणि चकतीवर थरावर थर बसत जातो, तोही इतक्या सावकाश की बघणाऱ्याला वाटावं यंत्र बंद आहे. पडद्यावर उजळ रेषा दिसतात. त्या जरा विस्कटल्या की समजायचं, सगळं फेकून द्यायचं. मी किती फेकल्या ते मला विचारू नका. ही चेंबर मी एकेक झडप बसवून उभी केली आहे. चेंबर उघडते त्या दिवशी केसांना कुजक्या मुळ्यासारखा सेलेनियमचा वास येतो आणि तुमचे बंधुराज उशी उचलून दिवाणखान्यात झोपायला जातात. त्या वासातून निघालेल्या वस्तूला तुम्ही उरलंसुरलं म्हणालात.

तर ऐका. प्रत्येक चकती मी हिऱ्याच्या पेनाने मधोमध कापते. एक अर्धी तुमच्या बंधुराजांकडे जाते, माझ्या खोलीतून बाहेर पडलं की समोरचं दार. दुसरी अर्धी त्याच तासात डबीत सील होते आणि तुम्हाला येते. एकाच कापडाचे दोन तुकडे. समोरच्या दारात त्याचा सदरा होतो आणि तुमच्याकडे पोतेरं, याला कापड काय करणार?

त्याच्याकडे चालते. मी डोळ्यांनी बघितलंय, करंट उलटा केला की चुंबक उलटतो आणि बाजूच्या चुंबकाचा आकडा शून्यावर असतो. तुमच्याकडे चालत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण कोणासाठी केली ते मला आज कळलं.

आईंच्या गुडघ्यांना शेक द्या. त्यांच्यावर माझा राग नाही.

आपली,
खराब फिल्मवाली


२५ जानेवारी

वहिनी,

म्हण पोचली. झोंबली. आता ऐक.

एकाच चकतीचे दोन तुकडे, हे मला माहीत नव्हतं. दादाने मला स्पष्ट सांगितलं होतं की माझा तुकडा वेगळ्या खेपेचा आहे. तुझ्याशी भांडायचं म्हणून मी आईला तुझं पत्र वाचून दाखवत होते, त्या वाक्याशी येऊन थांबले. तुम्हा दोघांपैकी एक जण मला खोटं सांगतंय. तू रागीट आहेस, टोचून बोलतेस, कपडे वाळत घालताना माझ्या दोऱ्या ढापायचीस. पण खोटं बोललेलं मला आठवत नाही.

म्हणून मी पुन्हा सगळं तपासलं. तारा तपासल्या, करंट किती तापवतो ते तपासलं, फिल्म उष्णतेने भलतीकडे वागते का ते पाहिलं. तुझी फिल्म उत्तम आहे. बोट लावल्यावर ती ज्या थोड्या करंटमध्ये उलटते तितक्या थोड्यात इथली कुठलीच उलटत नाही. हे मी आधी बघायला हवं होतं. मी दोन महिने फक्त दादाचं चित्र बघत बसले.

मग त्याच्याकडे असं काय आहे जे माझ्याकडे नाही? तो नेमका मोजतो कसा, ते पेपरात चार ओळींत उरकलंय. मी इथून उंटावर बसून शेळ्या हाकते आहे. तू समोरच्या दारात आहेस. त्याच्या खोलीत जा आणि काय दिसतं ते सगळं लिही, तुला बिनमहत्त्वाचं वाटतं तेसुद्धा.

आणि मला तुम्ही म्हणणं बंद कर.

मी


४ फेब्रुवारी

तू,

म्हणाले बघ तू. पण शांत झाले आहे असं समजू नकोस. आज मी तुझ्यावर आधी होते त्याहून जास्त चिडले आहे.

आमच्या संस्थेने समिती नेमली आहे. अजून दोन ठिकाणच्या लोकांनी कळवलं की त्यांच्याकडेही हे चालत नाही, तेव्हा वरून विचारणा झाली. तुझ्या दादाने समितीला टिपण दिलं. माझ्या खोलीला ते आज कळलं, तेही शिपायाकडून. टिपणात लिहिलंय की मोजमापात दोष नाही, फिल्म दर वेळी सारखी निघत नाही, वाढवणाऱ्या विभागाचा दर्जा टिकलेला नाही. आणि खाली, 'माझ्या सख्ख्या बहिणीच्या प्रयोगशाळेनेही फिल्म खराब असल्याचं मला तोंडी कळवलं आहे.'

तुझं एक वाक्य. पाठीमागे बोलायची सवय नाही म्हणून तोंडावर बोललेलं.

समिती मार्चमध्ये बसणार. त्यांना पटलं तर माझी चेंबर बंद. पंप दुसऱ्या विभागाला, खोली दुसऱ्या विभागाला, आणि मी कुठेतरी बाकी लोकांचे नमुने साफ करायला. एकदा हवा शिरली की ती चेंबर पुन्हा त्या अवस्थेला आणायला मला उरलेली नोकरी पुरणार नाही. पेपरात काय लिहिलंय आठवतं? 'फिल्म आमच्या प्रयोगशाळेत तयार केली.' चाललं तेव्हा आमची फिल्म होती. बंद पडल्यावर ती हिची झाली.

घरी मी काही बोलले नाही. तो जेवला, ताट उचललं, बातम्या लावल्या. मी त्याच्या बाजूने विचार करून बघते आहे. त्याच्यावर ताण आहे, अनुदानाचा पुढचा हप्ता आहे, त्याला खरंच तसं वाटत असेल. इतकी वर्षं त्याचा अंदाज माझ्याहून बरोबर निघत आला आहे, असं मी धरून चालले आहे.

तू सांगितलंस म्हणून त्याच्या खोलीत गेले. काय लिहू? टेबलावर तीन कप, तिन्हींत तळाला वाळलेला चहा. खुर्चीच्या पाठीला गेल्या थंडीतला स्वेटर. मधोमध तो मोठा लोखंडी चुंबक, ज्याच्या दोन तोंडांच्या फटीत फिल्म बसते. त्याचं पॅनल शून्यावर होतं. फिल्मच्या होल्डरला एक खाच आहे, ती खिळ्यात बसते, म्हणजे कोणीही डोळे मिटून लावला तरी सरळच लागतो. याचा त्याला भारी अभिमान. कागदांच्या टाचण्या ठेवायला डबी म्हणून नाही. सगळ्या त्या चुंबकाच्या तोंडालाच चिकटवून ठेवतो, हवी तेव्हा एक उपटायची. घरीही असंच, चष्मा फ्रिजवर आणि किल्ल्या बुटात. हे असलं तुला हवं होतं का?

आता तुझ्या दादाला फोन करून आणखी काय सांगणार आहेस ते मला आधी कळव.

मी


११ फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र उभ्यानेच वाच.

टाचण्या चिकटून होत्या तेव्हा पॅनल शून्यावर होतं, असं तू लिहिलंयस. शून्यावर असलेल्या चुंबकाला टाचण्या कशा चिकटतात?

आमच्याकडे नुसत्या तांब्याच्या तारेची वेटोळी आहेत, आत लोखंड नाही. करंट बंद केला की काही उरत नाही. दादाचा चुंबक लोखंडी. लोखंड एकदा चुंबक झालं की करंट काढून घेतल्यावरही थोडं चुंबक राहतं. ते घालवायचं तर करंट उलटसुलट करत हळूहळू कमी करावा लागतो, आणि गेलं की नाही ते फटीत प्रोब धरून मोजावं लागतं. हे तुला, मला आणि त्याला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. पण पॅनलवरचं शून्य हे वेटोळ्यातल्या करंटचं शून्य आहे. तो ते फटीतलं शून्य धरून चाललाय. त्याचा बाहेरचा चुंबक कधी बंदच झालेला नाही. बोट लागलेलंच आहे, आणि तो जगाला सांगत सुटलाय की बघा, बोट न लावता झालं.

माझा अंदाज चुकू शकतो. पण तपासणं सोपं आहे. फिल्म होल्डरसकट अर्धं वर्तुळ फिरवून लाव, तारा फिल्मच्या त्याच टोकांना ठेव, आणि तोच करंट सोड. गुण फिल्मच्या जाड कडेचा असेल तर तो फिल्मबरोबर फिरेल आणि सगळं पहिल्यासारखंच दिसेल. गुण त्या लोखंडाचा असेल तर लोखंड जागचं हलणार नाही, आणि आधी ज्या करंटने चुंबक वर व्हायचा त्याच करंटने खाली होईल. त्या खाचेमुळे आजवर कोणी उलटी लावली नसणार. लावताच येत नाही.

आता त्या वाक्याबद्दल. मी फिल्म खराब म्हणाले, घाईने म्हणाले, आणि चूक म्हणाले. मला माफ कर. पण ते मी माझ्या भावाला म्हणाले होते, समितीला नाही. लहानपणी याच्या हातून काही फुटलं की हा म्हणायचा, आधीच तडा होता. आईने प्रत्येक वेळी मान्य केलं. माझं वाक्य त्याने त्या तड्यासारखं वापरलंय आणि माझ्या अंगाची लाही लाही होते आहे.

फिरवून बघ.

मी


२० फेब्रुवारी

तुला,

फिरवली.

तो बैठकीला गेला होता. खाच आड येत होती म्हणून कार्यशाळेतून कानस आणली आणि होल्डरला दुसऱ्या बाजूलाही तशीच खाच घासून काढली. आधी सरळ लावून मोजलं, त्याच्या पेपरातलं चित्र हुबेहूब आलं. मग फिरवून लावलं. सगळं चित्र उलटं आलं. मला खरं वाटेना, म्हणून पुन्हा सरळ आणि पुन्हा उलटी लावली. फिल्म फिरली तरी गुण तिच्याबरोबर फिरला नाही. मग प्रोब धरला. पॅनलवर शून्य आणि फटीत चांगलंच काहीतरी.

मी तिथेच त्याच्या स्वेटरवाल्या खुर्चीत बसले. खरं सांगू, आधी मला त्याची दयाच आली. वाटलं, बिचाऱ्याला कळेल तेव्हा काय होईल. घरी जाताना मी वाक्यं जुळवत होते की त्याला कसं सांगायचं म्हणजे लागणार नाही.

जेवताना सांगितलं. त्याने घास खाली ठेवला नाही. म्हणाला, 'हो, मी पाहिलं ते.'

मी विचारलं, कधी.

म्हणाला, 'तुझ्या नणंदेचा फोन आला ना, त्याच आठवड्यात. प्रोब धरून पाहिलं.'

म्हणजे टिपण लिहिलं त्याच्या आधी. माहीत असताना त्याने लिहिलं की दर्जा टिकलेला नाही. मी दिवसभर त्याचा जीव जपायची वाक्यं शोधत होते आणि तो महिनाभर माझ्या हातचं जेवून माझ्या फिल्मवर बिल फाडत होता.

मग त्याने मला समजावलं. शांतपणे समजावतो तो, विद्यार्थ्यांना समजावतो तसं. म्हणाला, पेपर पडला तर अख्खा गट पडतो, मुलांच्या पदव्या अडकतात, माझं नाव जातं. फिल्मवर आलं तर फक्त एक खोली बंद होते. एक-दोन वर्षांत सगळं निवळलं की आपण गुपचूप दुरुस्ती छापू, तुला नवी चेंबर मिळवून देतो. घरातली गोष्ट घरात राहू दे. झाकली मूठ.

मी म्हणाले, मूठ तुझी आणि आत कोंडलेली मी.

तो म्हणाला, 'तू भावनेच्या भरात बोलते आहेस.'

मी उठले आणि ताट तसंच ठेवलं. आज भांडीसुद्धा आपटली नाहीत. मला माझी भीती वाटते आहे. इतका राग मला कधी आलेला नाही, आणि तो यायला हवा होता तेव्हा तेव्हा मी तो कुठे ठेवला तेही आठवत नाही. पेपरात नाव नव्हतं तेव्हा म्हणाले, घरातच तर आहे. भाषणात 'आमची फिल्म' म्हणाला तेव्हा मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.

काय करू ते अजून ठरत नाही. समितीपुढे नवऱ्याला खोटं पाडायचं म्हणजे काय, हे तुझं लग्न झालेलं नाही म्हणून तुला कळणार नाही, असं लिहिणार होते. पण तो तुझा भाऊ आहे, तेव्हा कळेल.

मी


२६ फेब्रुवारी

वहिनी,

दादाचा मला फोन आला. म्हणाला, वहिनीला आवर. मी म्हटलं, पंप बंद केल्यासारखी बंद होते का ती? मग त्याने फोन आईला द्यायला लावला. आई सगळं ऐकून मला म्हणाली, नवरा-बायकोच्या मध्ये पडू नये, आणि तो बिचारा किती राबतो. मी आईला म्हटलं, राबतो तोही आणि तीही. तुझा तो बाब्या आणि दुसऱ्याची ती कार्टी, हे किती वर्षं चालायचं? आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. काल म्हणाली, 'तिला फार लागलं असेल का गं?' मी हो म्हटलं. त्यावर ती म्हणाली, फोन आला तर दादाला सांग मी झोपले आहे. हे तिच्या बाजूने पुष्कळ झालं.

मी समितीला लिहिलं आहे. माझी सगळी मोजमापं जोडली, फिल्म निर्दोष असल्याचं लिहिलं, आणि मी तोंडी बोललेलं वाक्य चुकीचं होतं व ते कोणाला वापरायला दिलेलं नव्हतं, हेही लिहिलं. दादाला आधी सांगून मग पाठवलं. तो म्हणाला, 'तूसुद्धा.' त्या शब्दाने मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून मी आणखी भडकले. तूसुद्धा म्हणजे काय? बहीण म्हणून मी खोटं मोजायचं का?

चुंबक शून्यावर नव्हता हे मात्र मी त्यात लिहिलेलं नाही. ते तू शोधलंस. ते सांगायचं की नाही हे तुझं. तू नाही म्हणालीस तर मी तुला भित्री म्हणणार नाही. चिडेन मात्र, आणि बरीच वर्षं चिडलेली राहीन, हे आत्ताच सांगून ठेवते.

मी


९ मार्च

तुला,

काल झालं सगळं.

समितीत पाच जण होते. प्रमुख एक वयस्कर बाई, चष्मा कपाळावर चढवून बसणाऱ्या. तुझं पत्र त्यांच्यापुढे होतं. तुझा दादा बोलला. छान बोलतो तो, तुला माहीतच आहे. शेवटी म्हणाला, फिल्म चांगली निघाली की परिणाम दिसतो आणि वाईट निघाली की दिसत नाही, एवढी साधी गोष्ट आहे.

बाईंनी मला विचारलं. मी म्हणाले, बोलण्यापेक्षा दाखवते, सगळे मोजमापाच्या खोलीत चला.

त्याच्याच खोलीत, त्याच्याच हाताने फिल्म लावायला सांगितली. त्याने लावली आणि करंट सोडला. पडद्यावर चित्र उमटलं, माना डोलल्या. मी म्हणाले, 'आता हीच फिल्म फिरवून लावा, सर.' ऑफिसात मी त्याला सरच म्हणते.

तो म्हणाला, 'होल्डर एकाच बाजूने बसतो.'

हे तो माझ्यासमोर म्हणाला. कानशीचं मी त्याला जेवताना सांगितलेलं, आणि तरी म्हणाला. त्याला खात्री होती की मी पाच माणसांत त्याला खोटं पाडणार नाही. त्या क्षणापर्यंत मलाही नव्हतं ठाऊक पाडणार की नाही. मी पुढे झाले आणि म्हणाले, 'दोन्ही बाजूंनी बसतो. दुसरी खाच मी घासली आहे.'

त्याने फिरवून लावली. चिमटा दोनदा सुटला हातातून. करंट सोडला, चित्र उलटं आलं. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, पॅनल बघितलं, प्रोब मागवला आणि स्वतः फटीत धरला. मग त्याला विचारलं, 'हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?'

त्याने माझ्याकडे बघितलं. पाहुण्यांनी काही विचारलं आणि त्याला आठवत नसलं की बघतो तसं, म्हणजे मी पटकन काहीतरी पुरवावं. मी पुरवलं नाही. तो म्हणाला, 'आत्ताच लक्षात येतंय.'

मी म्हणाले, 'खरं सांग.'

सगळ्यांदेखत, सर नाही, काही नाही. मग त्याने सांगितलं. टिपणाच्या आधीपासून, हे त्याच्याच तोंडून आलं.

चेंबर राहिली. त्याच्याकडून गटाचं प्रमुखपद काढून घेतील असं दिसतं. पेपरची दुरुस्ती छापायचा हुकूम झाला, आणि फिल्मचा संबंध आहे म्हणून मसुद्यावर माझी संमती हवी असं बाईंनी लिहून दिलं. संध्याकाळी तो मसुदा घेऊन माझ्या खोलीत आला. 'उपकरणात काही अवशिष्ट चुंबकत्व आढळून आले.' मी म्हणाले, आढळलं कोणाला? तो परत गेला. दुसऱ्यांदा आणला, 'मोजमापात त्रुटी राहून गेली.' मी म्हणाले, राहून गेली म्हणजे ती स्वतःच राहिली का? तिसऱ्यांदा आल्यावर तो ओरडला. म्हणाला, सगळ्यांपुढे माझी लाज काढलीस, आता कागदावरही काढणार? घर म्हणून काही आहे की नाही आपलं?

मी ओरडले नाही. मी म्हणाले, 'घर होतं तेव्हा तू त्याच्यावर टिपण लिहिलंस.'

तो माझ्या स्टुलावर बसला. मग माझंच पेन घेतलं आणि लिहिलं: 'चुंबक शून्यावर आहे की नाही हे मी मोजले नाही. मोजले तेव्हा सांगितले नाही. फिल्म निर्दोष आहे. ती माझ्या पत्नीने केली आहे.' मी 'माझ्या पत्नीने' खोडायला लावलं. त्याने माझं नाव लिहिलं, पूर्ण, माहेरच्या आडनावासकट, पेपरासाठी वापरते तसं. इतक्या वर्षांत त्याच्या अक्षरात ते मी पहिल्यांदा बघितलं.

कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाला, 'झालं समाधान?'

मी म्हणाले, 'नाही.' आणि सही केली.

मी